सोलापूरच्या पूर्व भागातला काचेच्या छपराचा स्टुडिओ : फोटो एक नंबर, सर्व्हिस रामभरोसे

पहिलं मुद्द्याचं सांगतो, मग बाकीचं पाल्हाळ. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा, नाहीतर स्वतःचा, एक असा फोटो पाहिजे असेल की जो दहा वर्षांनी बघितला तरी ओळखू येईल की हा आपलाच माणूस, तर इथं जा. प्री-वेडिंग, ड्रोन, रंगीत धूर, बारशाला फुग्यांची कमान, रील, असलं काही पाहिजे असेल तर जाऊ नका, फोटोवाले काका तोंडावर नाही म्हणतात. आणि ज्यांना उद्या सकाळी फोटो हातात पाहिजे त्यांनी तर जिना पण चढू नये.

स्टुडिओचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी काकांना विचारलं होतं की नेटवर चार ओळी टाकू का, तर म्हणाले टाक, पण नाव-नंबर नको, मागं कुणीतरी व्हिडिओ टाकला होता तर आठवडाभर पोरं नुसती जुन्या कॅमेऱ्याशेजारी उभं राहून सेल्फी काढायला येत होती, गिऱ्हाईक एक नाही. त्यामुळं पत्ता एवढाच की कन्ना चौकाच्या बाजूनं आत शिरा आणि काचेच्या छपराचा फोटोवाला कुठं म्हणून विचारा. तेलुगूत विचारलंत तर माणूस सोबत येऊन जिन्यापर्यंत सोडतो.

खाली पॉवरलूम, वर स्टुडिओ. म्हणजे खटखट खटखट कायम चालू, पहिल्यांदा गेलात तर डोकं उठतं, मग सवय होते. कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तिन्ही पायांखाली टर्किश टॉवेलच्या घड्या घातलेल्या दिसतील, मला आधी वाटलं फरशीला चरे पडू नयेत म्हणून असेल, तर ते मागाचा हादरा वर येऊ नये म्हणून. पूर्वी प्लेटच्या कॅमेऱ्यावर अर्धा-अर्धा सेकंद शटर उघडं ठेवायला लागायचं तेव्हा फोटो हलायचा, मग खालच्या मालकाला ओरडून माग बंद करायला लावायचं नाहीतर जेवणाची सुट्टी होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं. आता डिजिटलला त्याची तेवढी गरज नाही पण टॉवेल आहेत तसेच आहेत.

आता ते छप्पर. खोलीच्या उत्तरेकडच्या उतारावर पत्र्याऐवजी काच आहे, जुन्या काळी वीज नव्हती तेव्हा स्टुडिओ असेच बांधायचे. उत्तरेकडूनच का, तर आपल्याकडं सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेच्या अंगानं जातो, त्यामुळं उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, मऊ, सावलीला कडक रेघ नाही, आणि सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत जवळजवळ सारखा. पण सोलापूर पडलं कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलै संपेपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन काचेतून आत घुसतं. त्यासाठी काकांनी काचेखाली तार ओढून मांजरपाटाचा पडदा लावलाय, दोरी ओढली की सरकतो. पडदा इतका जुना आहे की त्याचा रंग आता सायीसारखा झालाय, आणि नवीन का लावत नाही विचारलं तर म्हणतात नवीन कापड निळसर मारतंय, तोंड आजारी दिसतंय. मी म्हणलं हे आता कॉम्प्युटरवर एका क्लिकला नीट होतं की, तर नुसतं बघितलं माझ्याकडं.

उन्हाळ्यात मात्र ही काच म्हणजे शिक्षा आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीसच्या वर जातो पारा, त्यात वर काच, खाली माग, आणि कूलरचं पाणी दिवसाआड संपलेलं. तेव्हा तुम्ही मेकअप करून गेलात तर फोटो निघेपर्यंत तो गळ्यात आलेला असतो. एक तर सकाळी आठला जा नाहीतर पावसाळा सुरू झाल्यावर जा, ढगाळ दिवशी तर इथला उजेड असा काही पसरतो की साध्या पासपोर्ट फोटोत पण माणूस सुखी दिसतो.

मी पहिल्यांदा गेलो ते ऑफिसच्या प्रोफाईल फोटोसाठी. पुण्याच्या कंपनीनं सगळ्यांना प्रोफेशनल फोटो अपलोड करा म्हणून मेल टाकलेली, आणि माझ्याकडं होता तो मित्राच्या लग्नात फेटा बांधलेला. म्हणलं पंधरा मिनिटांचं काम. कसलं पंधरा मिनिटांचं, काकांनी पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हातच लावला नाही. गाव कुठलं, आजोबा कुठल्या मिलमध्ये, जुन्या मिलमध्ये का लक्ष्मी-विष्णूत, लग्न झालं का, नाही तर का नाही, पगार किती हे सोडून सगळं विचारलं. मला लई वैताग आला होता खरं सांगायचं तर, आणि तो चेहऱ्यावर दिसत पण असणार. पण त्या सगळ्या वेळात ते बघत होते की मी कुठल्या बाजूला मान टाकतो, कुठला डोळा बारीक करतो, ओठ कधी आवळतो. नंतर त्यांनीच सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाचा एक फोटोसाठी राखून ठेवलेला चेहरा असतो, लग्नात, आधार सेंटरवर, सेल्फीत सगळीकडं तोच वापरायचा, आणि तो चेहरा फार वेळ टिकत नाही. माणूस कंटाळला की तो आपोआप गळतो. मग कॅमेरा उचलायचा. म्हणजे हा माणूस धंदाच मुळात गिऱ्हाइकाला कंटाळा आणण्याचा करतो, आणि माझ्या मते त्यांची सगळी विद्या त्यात आहे, काच बिच नंतर.

बसायला बिनपाठीचं लाकडी स्टूल. पाठ टेकायला काही नसलं की माणूस आपोआप ताठ बसतो. अंग उजेडाकडं वळवायचं आणि मान परत कॅमेऱ्याकडं, म्हणजे खांदे रुंद दिसत नाहीत आणि गळ्याला जरा आकार येतो. उजेड एका बाजूनं वरून तिरका, आणि दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडला की काका खूश. ह्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून, तो त्याच्या चित्रांत तोंडावर असाच उजेड टाकायचा. सावलीची बाजू फार काळी पडू नये म्हणून तिकडून थर्माकोलची शीट धरायची, फ्रीजच्या खोक्यातली आहे, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. ती धरायचं काम गिऱ्हाइकाबरोबर आलेल्याचं, त्यामुळं एकटं जाऊ नका. शेवटी काका वाकून तुमच्या डोळ्यात बघतात, बुबुळात काचेचं छप्पर दिसलं पाहिजे, ते नाही दिसलं तर हनुवटी बोटानं एक इंच वर. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसला तर फोटोतला माणूस झोपेतून उठवून आणल्यासारखा दिसतो, हे घरी जुने फोटो काढून तपासून बघा, खरं आहे.

कॅमेरा तसा साधाच, सेकंडहँड डीएसएलआर, लेन्स ८५ एमएम. लांब उभं राहतात, सहा-सात फुटांवर. मोबाईलच्या सेल्फीत नाक मोठं का येतं ह्याचं उत्तर इथं मिळतं: मोबाईल आपण हातभर अंतरावर धरतो, तेवढ्या जवळून नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ पडतं म्हणून फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ह्याचं गणितच मांडलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, आणि लोक तसले सेल्फी घेऊन नाकाचं ऑपरेशन करा म्हणून येतात म्हणून त्यांनी हा उद्योग केला. तर मंडळी आपली नाकं बरी आहेत, हात आखूड आहेत.

आणि एक, हल्ली सगळ्यांना मागचं सगळं धूसर पाहिजे असतं. काका एफ ८ वर काढतात, म्हणजे लेन्सचं भोक बारीक ठेवून. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत सगळं लख्ख. मी म्हणलं काका भोक मोठं करून १.८ वर काढा की, नुसते डोळे शार्प राहतील, मस्त दिसतं. तर म्हणाले, "का बे, कान काय भाड्यानं आणलेत?"

त्यांची स्वतःची गोष्ट सलग कधीच सांगत नाहीत, काम करता करता तुकडे पडतात ते आपण गोळा करायचे. घर विणकरांचं, वडील मागावर. बहात्तरच्या दुष्काळात माग बसले, शाळा सुटली, आणि १९७३ साली हे चौदा वर्षांचे असताना एका स्टुडिओत झाडलोट करायला लागले. तिथल्या मास्तरांनी पहिली दोन वर्षं कॅमेरा दाखवलाच नाही, काम एकच, प्रिंट धुणं. डेव्हलप केलेला फोटो हायपोत टाकतात तो पक्का व्हायला, पण तो हायपो कागदातून पूर्ण निघाला नाही तर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, डाग धरतो. निघायला पाहिजे वाहतं पाणी. आणि सोलापुरात वाहतं पाणी, तेही दुष्काळाच्या सुमारास! मग विहिरीवरून बादल्या, ट्रेमधलं पाणी बदलत राहायचं, आणि तेच पाणी पुढच्या धुण्याच्या पहिल्या हाताला परत वापरायचं. त्यांनी धुतलेले त्या काळातले फोटो मी बघितलेत, कपाटात आहेत, पांढरा अजून पांढरा आहे. त्याच कपाटात इंदू ब्रँडच्या फोटो कागदाचा रिकामा डबा पण आहे, उटीच्या सरकारी कारखान्याचा, १९६० साली स्थापन झालेल्या, आता डब्यात खिळे आणि स्क्रू असतात.

मग रिटचिंग. हा भाग मला सगळ्यात भारी वाटला म्हणून जरा सविस्तर लिहितो. हल्ली चेहऱ्यावरचं काही काढायचं तर ॲपमध्ये बोट फिरवतात. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलनं काढायचे. उतरत्या डेस्कला मधे चौकोनी भोक, त्यावर निगेटिव्ह, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हणजे सुरकुती किंवा डाग जो फोटोत काळा येणार तो तिथं पारदर्शक दिसतो, त्या जागी शिशाचे बारीक बारीक स्वल्पविरामासारखे ठिपके भरायचे, की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. एका चेहऱ्याला तास-दीड तास, आणि हात घसरला की संपलं. काकांनी मला एक निगेटिव्ह उजेडाला धरून दाखवली, नवरीची होती कुणाची तरी, भिंगातून बघितल्यावर कपाळावर ते ठिपके दिसले, नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं.

मास्तरांचा नियम होता आणि काका तोच अजून पाळतात: मुरूम आठ दिवसात जाणार असतो, तो काढायचा. तीळ जन्माचा आहे, तो ठेवायचा. सुरकुती हलकी करायची पण रस्ता बुजवायचा नाही. आता ते सगळं कॉम्प्युटरवर करतात, मुलगा शिकवून गेलाय, पण माउस सोडून पेनाची पाटी घेतलीय आणि हात अजून ठिपकेच टाकतो.

मधल्या काळात पोटासाठी काय काय केलं त्याची यादी मोठी आहे. गिरण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो, लग्नं, उरूस, संक्रांतीच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर पडदा लावून तिथल्या तिथे फोटो. विडी कामगार बायकांना कार्डासाठी फोटो लागायचे तर त्या रांगेनं यायच्या, पण पुरुषासमोर नीट बसायच्या नाहीत, पदर तोंडापर्यंत, नजर जमिनीवर. मग काकूंनी म्हणजे त्यांच्या बायकोनं शेजारी उभं राहून बोलायचं आणि काकांनी नुसतं बटण दाबायचं. पुढं पुढं काकूच बटण पण दाबायला लागल्या. स्टुडिओत भिंतीवर राजा दीनदयाळांचं एक पिवळं पडलेलं कात्रण आहे, निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर, १८४४ ते १९०५, काकांना ते फार जवळचे वाटतात कारण सगळी सोयरीक हैदराबादकडची. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता आणि तो चालवायला बाईच नेमली होती. काका म्हणतात त्यांना जे लाख रुपये घालून कळलं ते आम्हाला काकूमुळं फुकटात कळलं.

१९९३ नंतर निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा गावोगावच्या शाळेत टेबल टाकून हेच काम. मिनिटाला एक तोंड. मान वर, इकडं बघा, पुढचा. आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम ते, असं स्वतःच म्हणतात, पण लगेच पुढं असंही म्हणतात की माणूस कॅमेऱ्यासमोर आल्यावर पहिल्या सेकंदाला काय करतो हे तिथंच कळलं, एवढी तोंडं एका ओळीत दुसरीकडं कुठं बघायला मिळणार.

एकदा मी त्यांना कार्शची गोष्ट सांगितली. युसुफ कार्श म्हणून कॅनडातला फोटोग्राफर, १९४१ च्या डिसेंबरमध्ये ओटावाच्या पार्लमेंटमध्ये चर्चिलचा फोटो काढायचा होता, चर्चिलच्या तोंडात सिगार, तो काही काढेना, तर ह्यानं सरळ पुढं होऊन तोंडातला सिगार काढून घेतला आणि चर्चिल जो भडकला त्याच क्षणी फोटो मारला, तो जगभर गाजला. मला वाटलं काका खूश होतील. काका म्हणाले त्यात काय, आम्ही रोज मावा थुंकून यायला लावतो. आणि खरंच जिन्याच्या खाली पाटी आहे, मावा खाऊन वर येऊ नये. कारण फार शास्त्रीय आहे, गालात मावा असला की एक गाल फुगतो, आणि थुंकल्यावर लगेच काढला तर माणूस जिभेनं दात चाचपत राहतो, म्हणून थुंकून आल्यावर दहा मिनिटं थांबायचं.

आता भांडणाचा विषय. माझ्या मावसबहिणीचा बायोडेटाचा फोटो काढायला मावशी, ती आणि मी गेलो होतो. ताई सावळी आहे, छान दिसते. मावशीनं बसल्या बसल्या सांगितलं, जरा उजळ करून द्या. काकांनी ऐकून घेतलं आणि मागचा पांढरा पडदा काढून गडद करडा लावला. का, तर मागं पांढरंफेक असलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, एकूण उजेड जास्त आहे समजून फोटो कमी उजेडाचा काढतो, आणि सावळं तोंड अजून काळं पडतं. मग लोक म्हणतात फोटोत काळी आली आणि मग ॲपमध्ये पीठ फासतात. गडद पडदा, उजेड जरा जास्त बाजूनं, आणि मीटर पडद्यावर न धरता गालावर धरायचा. फोटो असा आला की गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर उजेडाची एकेक बारीक रेघ, आणि मधला रंग जसा आहे तसा, तांब्यावर उजेड पडावा तसा. ताई बघून गप्पच झाली. मावशी म्हणाली, चांगलाय पण गोरी नाही आली. काका म्हणाले, "अक्का, पोरगी देणार तुम्ही, का फोटो देणार?" मावशी जी भडकली, खाली रिक्षापर्यंत बोलत होती. शेवटी दुसरीकडून गोरा करून आणला आणि बायोडेटावर तोच गेला, घरात कोण ऐकतंय. ताईच्या व्हॉट्सॲपला मात्र अजून काकांचा आहे. ह्यावर माझं मत म्हणाल तर काका बरोबर होते पण बोलायची पद्धत दळभद्री होती, हेच गोड बोलून सांगता आलं असतं. ज्यांना तोंडावर बोललेलं सहन होत नाही त्यांनी विचार करून जा.

आणि आजीचा फोटो. ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. ऐंशीच्या पुढं वय, घरात तिचा धड एक फोटो नाही, आहेत ते सगळे कुणाच्या तरी लग्नातले, कडेला उभी, अर्धी कापलेली. चुलत्यांचं ठरलं की चांगला एक काढून ठेवू. का काढून ठेवू हे कुणी तोंडानं बोलत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आजीला दोन माणसांनी धरून तो जिना चढवला, काकूनं म्हणजे माझ्या चुलतीनं तिला नवी पैठणी आणि वर शाल घातलेली, आजी स्टूलवर नको म्हणून हातांच्या खुर्चीत बसली, काचेकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हाराचा फोटू काढायला आणलंय व्हय रे मला?"

सगळे गार. चुलते मोबाईल काढून बघायला लागले. फोटोवाले काका लेन्स पुसत होते, मान वर न करता म्हणाले, "अव्वा, हाराचा वेगळा असतो, त्याला दीडशे रुपये जास्त. हा टीव्हीवर ठेवायचा." आजी इतकी हसली की कवळी सावरायला लागली.

मला वाटलं आता काढतील, हसताना. नाही काढला. उलट कॅमेरा सोडून आले आणि चुलतीला म्हणाले ही शाल आणि साडी तुमची आहे, त्यांची कुठंय. मग घरी माणूस पिटाळला, तिचं रोजचं इरकल लुगडं आणलं, पडद्यामागं नेसून झालं, ह्यात तास गेला. तेवढ्यात आजीला त्यांनी विचारलं की विड्या किती वळायच्या दिवसाला, आणि आजी सुरू झाली, हजार वळायची म्हणे, तेंदूचं पान कसं भिजवायचं, कातरी कशी धरायची, मुकादम कशा विड्या नापास करायचा, सगळं. बोलता बोलता तिची बोटं मांडीवर आपोआप पान वळायला लागली, आम्हाला कुणालाच दिसलं नाही, काकांना दिसलं. चष्म्यावर काचेचा उजेड चमकत होता तर येऊन चष्म्याच्या काड्या कानावरून जरा वर उचलून केसात टेकवल्या, काचा अर्ध्या पेराएवढ्या खाली झुकल्या, चमक गेली, समोरून बघणाऱ्याला कळत पण नाही. मग एकच वाक्य, "तो मुकादम आता समोर आला तर?" आजीनं तोंड मिटलं आणि सरळ बघितलं. खटक. अजून एक खटक. झालं.

फोटोत ती हसत नाही. चुलत्यांना ते आधी खटकलं, आई रागावलेली दिसते म्हणाले. रागावलेली नाही ती, हिशोब मागायला आलेल्या माणसासारखी बघतेय. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी, कपाळावरचं गोंदण स्पष्ट, हात मांडीवर वळलेले. बारा बाय पंधराची मॅट प्रिंट, लाकडी फ्रेम. टीव्हीवर जागा नव्हती म्हणून शोकेसमध्ये ठेवलाय, आणि आजी येईल त्याला स्वतः दाखवते, दीडशे रुपये वाचवले म्हणून सांगते.

एवढं कौतुक झालं, आता तक्रारी, कारण त्या पण कमी नाहीत.

डिलिव्हरीचा काही भरोसा नाही. आठ दिवस म्हणाले की महिना धरा. आजीच्या फोटोला मी इतक्या वेळा फोन केला की शेवटी त्यांच्या मुलानं हैदराबादवरून मला फोन करून सांगितलं दादा जरा थांबा, बाबा प्रिंटवर खूश नाहीत, परत काढायलेत. ठीक आहे, पण हे मला आधी कोणी सांगायचं? सॉफ्ट कॉपी मागितली की तोंड वाकडं, दिली तर एकच फाईल, तीही तुमच्या पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर पाठवत नाहीत कारण व्हॉट्सॲप फोटो दाबतं म्हणे, जे खरं आहे पण डॉक्युमेंट म्हणून पाठवता येतं हे त्यांना पटत नाही. निवडायला पंधरा-वीस फोटो दाखवतील ही आशा सोडा, ते दोन-तीनच काढतात आणि त्यातला एक स्वतः निवडतात. तुम्हाला दुसरा आवडला असेल तर तो तुमचा प्रश्न.

रेट : पासपोर्ट आठ कॉपी १०० रुपये, हे सगळीकडं तेवढंच आहे, आणि पासपोर्टला पण तुम्हाला ते चौकशा करत बसवतात हे लक्षात ठेवा, घाईत असाल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं जा. पोर्ट्रेट बारा बाय पंधरा फ्रेमसकट २,५०० घेतले. महाग वाटतं, मला पण वाटलं. ह्याच पैशात सात रस्त्याकडं एसी स्टुडिओत तीन ड्रेस, दहा एडिट केलेले फोटो आणि कोल्ड कॉफी मिळते, तिथला फोटो पण वाईट नसतो, फक्त दहाही फोटोंत तुम्ही त्यांच्या शोकेसमधल्या माणसासारखे दिसता. ज्याला तेच पाहिजे त्यानं तेच घ्यावं, त्यात काही वाईट नाही. माझ्या भावानं तर मोबाईलमधल्या एआय ॲपनं सूट-टायमधला फोटो करून नोकरीला लावला आणि नोकरी पण लागली.

पाच वर्षांखालच्या पोरांचे फोटो काढत नाहीत, पळणारं माणूस मला जमत नाही म्हणतात. जिना उभा आणि अरुंद आहे, एका बाजूला दोरी धरायला आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना फार अवघड. फोर व्हीलर बोळात जात नाही. बाथरूम नाही, खालच्या कारखान्याचं वापरावं लागतं. मेकअप रूम म्हणजे पडद्यामागं एक आरसा आणि ट्यूबलाईट, बायकांनी घरूनच तयार होऊन गेलेलं बरं, पण साडी-ब्लाउज रोजच्या वापरातलं घालून जा, नवं कोरं घातलंत तर परत पाठवतात हे वर सांगितलंच. भडक फुलाफुलांचं, चमकीचं काही नको, गडद एका रंगाचं काहीही चालतं. स्कॅनर आहे पण पैसे मुलाच्या खात्यात जातात आणि काकांना मेसेज येत नाही, मग ते मुलाला फोन लावतात, मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि तुम्ही तिथं उभे. रोख घेऊन जा.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो डिलिव्हरीसाठी, मावशीला विचाराल तर ती तीन कापेल.

जायचं असेल तर मंगळवार सोडून, सकाळचं. संक्रांतीच्या आठवड्यात तर अजिबात जाऊ नका, नंदीध्वज निघाले की काका कॅमेरा घरी ठेवून मिरवणुकीत असतात, दार बंद. फोन उचलत नाहीत, त्यामुळं लावत बसू नका, खाली मागावर कुणी असेल त्याला विचारा वर आहेत का, आहेत म्हणाला तर चढा, आणि सोबत थर्माकोल धरायला एक माणूस न्या.